पिकअप कुठल्या गाडीचा चांगला? ३५० ते ६५० सीसीच्या गाड्यांची टेस्ट राइड घेण्याआधी वाचायचं पत्रक

गाडी बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: शून्य ते शंभर किती सेकंदांत? आकडा मजेचा आहे, पण गाडी निवडायला त्याचा उपयोग कमी. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल ८०ची मर्यादा आहे, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०ची, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. रोज लागतो तो ३० ते ७० मधला पिकअप. उसाच्या डबल ट्रॉलीच्या मागून बाहेर पडताना, मागे माणूस आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना, बायपासला लागताना. या पट्ट्यात गाड्यांचा क्रम कधी कधी ब्रोशरपेक्षा वेगळा लागतो, आणि चुकीच्या गिअरमध्ये तर चांगली गाडीही मठ्ठ वाटते.

इथे आम्ही चार गाड्या उदाहरणाला घेतल्या आहेत, कारण चारही एकमेकींपासून स्वभावाने लांब आहेत: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० (२०२१ नंतरचं जे-सिरीज इंजिन), ट्रायम्फ स्पीड ४००, केटीएम ३९० ड्यूक (३९९ सीसीची, जुनी ३७३ सीसीची नाही) आणि रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०.

आधी वजन, मग ताकद

कंपनीचे आकडे असे आहेत. क्लासिक: २०.२ पीएस (ताकद), २७ एनएम (टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ), वजन १९५ किलो. स्पीड ४००: ४० पीएस, ३७.५ एनएम, १७६ किलो. ड्यूक: ४६ पीएस, ३९ एनएम, १६८ किलो. इंटरसेप्टर: सुमारे ४७ पीएस, ५२ एनएम, २१८ किलो.

पण रस्त्यावर गाडी एकटी पळत नाही. ७५ किलोचा चालक धरून दर १०० किलोमागे किती पीएस येतात ते काढा: क्लासिक ७.५, स्पीड १५.९, इंटरसेप्टर १६, ड्यूक १८.९. आता मागे ६५ किलोची व्यक्ती बसवा: क्लासिक ६, स्पीड १२.७, इंटरसेप्टर १३.१, ड्यूक १४.९. एकट्याने चालवताना स्पीड आणि इंटरसेप्टर जवळजवळ बरोबरीत असतात; डबलसीट झाल्यावर इंटरसेप्टर पुढे सरकते. जड गाडीला वाढलेल्या ओझ्याचा हिस्सा लहान वाटतो, एवढंच त्यामागचं गणित. त्यात तिचा टॉर्कही खालच्या आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भरपूर आहे, त्यामुळे चढाला हा फरक हिशेबापेक्षा जास्त जाणवतो. बायको-मुलासह दर महिन्याला गावी जाणाऱ्याने एकट्याने घेतलेल्या टेस्ट राइडवर गाडी ठरवू नये.

दुसरी बाजू वाऱ्याची. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून ११० वर गेलात की ती सुमारे २.६ पट होते. म्हणून क्लासिक ८० पर्यंत आरामात वाटते आणि त्यापुढे एकदम दमते. इंजिनात बिघाड झालेला नसतो, शिल्लक संपलेली असते. होंडा सीबी३५० वरही हेच होतं, फक्त तिचा ३० एनएम टॉर्क ३००० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे गल्लीबोळात ती क्लासिकपेक्षा जरा चटपटीत वाटते.

मुंबईतल्या मित्राची तीच गाडी जास्त पळते असं वाटत असेल, तर थोडं खरंही आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण ५ टक्के ताकद इथे कमी पडते.

इंजिनाचा स्वभाव

क्लासिकचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ८५.८ मिमी. स्पीड ४०० चा बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक ६४ मिमी. पहिलं उंच आणि अरुंद, दुसरं बुटकं आणि रुंद. लांब स्ट्रोकच्या पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावं लागतं. क्लासिक ६१०० आरपीएमला असते तेव्हा पिस्टन सरासरी सेकंदाला १७.४ मीटर वेगाने वरखाली होतो. स्पीड ४०० चा पिस्टन ८००० आरपीएमला १७.१ मीटरने. म्हणजे क्लासिक ‘आरामात’ ६१०० वर आहे हा कानाचा गैरसमज. आतल्या पिस्टनसाठी ते स्पीडच्या ८००० इतकंच काम आहे. ‘बुलेट कमी आरपीएमवर चालते म्हणून कितीही पिळा, काही होत नाही’ असं ऐकून गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट चूक ड्यूक आणि स्पीडवर होते. मायलेजसाठी म्हणून ३५-४० ला सहावा गिअर टाकून चालवणं. सिंगल सिलिंडरमध्ये इंधन दोन फेऱ्यांतून एकदा पेटतं. २००० आरपीएमला सेकंदाला १६-१७ वेळाच. प्रत्येक दणक्याच्या मध्ये गाडी थोडी रेंगाळते, पुन्हा ओढली जाते. हँडलवर आणि पायाखाली येणारा तो ‘खडखड’ म्हणजे चेन सैल-ताठ होत असते. याच धक्क्यांनी चेन लवकर लांबते, मागच्या हबमधले रबर चुरतात, आणि चढावर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) जास्त उघडला की इंजिन नॉक मारतं (आतून टकटक करतं). वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा चेनसेट महाग पडतो.

कुठली गाडी कशी चालवायची

क्लासिकला आरपीएम मीटरच नाही, त्यामुळे कान आणि वेग यांवर भागवायचं. पाचवा गिअर सपाटीवर ५० च्या खाली टाकू नका. डबलसीट असाल तर ५५. तिचा जोर मध्ये आहे, ४००० आरपीएमच्या आसपास. गिअर लवकर बदला, थ्रॉटल सावकाश उघडा, आणि वेग टिकवून चालवा. ब्रेक मारून पुन्हा पळवायची सवय असेल तर ही गाडी चिडवते. पुढचा रस्ता बघून आधीच थ्रॉटल सोडणाऱ्याला मात्र ती दिवसभर थकवत नाही.

स्पीड ४०० खाली बरी ओढते, पण खरी जागी होते ४००० नंतर. शहरात दुसरा-तिसरा, बाहेर ६० च्या पुढे सहावा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, क्लच हलका आहे (असिस्ट आणि स्लिपर प्रकारचा, खालचा गिअर टाकताना मागचं चाक अडकू न देणारा), त्यामुळे खालचा गिअर टाकायला आळस करू नका. नव्या मालकाकडून सिग्नलला ती बंद पडते ती बहुतेक वेळा क्लच भसकन सोडल्यामुळे. २५००च्या आसपास रेस देऊन क्लच सोडलात की प्रश्न मिटतो.

ड्यूकबद्दल स्पष्टच सांगतो: ती हळू चालवायची गाडी नाही. ५००० च्या खाली ती कुरकुरते, वर गेली की हातातून सुटल्यासारखी पळते. सहावा गिअर ६५-७० च्या खाली नको. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी यंत्रणा) आहे म्हणून ट्रॅफिकमध्ये क्लचशिवाय गिअर टाकणारे बरेच आहेत. क्विकशिफ्टर थ्रॉटल उघडा असताना आणि इंजिन वर असताना नीट काम करतो. २५०० ला वापरलात तर झटका बसतो आणि तो गिअरबॉक्सला जातो. खाली क्लचच वापरा. पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्याने ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जोराने घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू नये, विशेषतः पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावरचं तेल-धूळ वर आलेलं असतं.

इंटरसेप्टरला दोन सिलिंडर आणि २७० अंशाचा क्रँक (दोन्ही पिस्टन एकदम वरखाली होत नाहीत). २५०० पासूनच बराचसा टॉर्क हाती येतो, त्यामुळे सहाव्यात ५५ वरूनही ती निमूट ओढते. चारांत आळशी हाताला सगळ्यात जास्त माफ करणारी हीच. फक्त थ्रॉटल केबलचा आहे आणि ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ओल्या रस्त्यावर, वळणात, ५२ एनएम आणि उजव्या मनगटामध्ये दुसरं कुणी नाही.

घाट उतरताना चारही गाड्यांना एकच नियम: ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल किंवा क्लच दाबून उतरलात तर सगळा भार ब्रेकवर पडतो, डिस्क तापते आणि लीव्हर स्पंजसारखा होतो.

ओव्हरटेकचा हिशेब

दुपदरी रस्त्यावर चढाला भरलेला ट्रक ३० ने चालला आहे. मागचं अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे सुरक्षित जागा मिळून तुम्हाला ट्रकपेक्षा ४० मीटर जास्त कापायचे आहेत. समोरून ५० ने गाडी येते आहे.

गिअर न बदलता नुसता थ्रॉटल पिळलात आणि सरासरी ४२ मिळाली, तर १२ सेकंद लागतात आणि समोर साधारण ३०० मीटर मोकळा रस्ता हवा. आधी दोन गिअर खाली टाकून निघालात आणि सरासरी ५२ मिळाली, तर साडेसहा सेकंद आणि सुमारे १८५ मीटर. गाडी तीच. फरक फक्त डाव्या पायाचा. क्लासिकवर चौथा किंवा तिसरा, स्पीड-ड्यूकवर तिसरा, इंटरसेप्टरवर चौथा. आणि गिअर बाहेर निघाल्यावर नाही, ट्रकच्या मागे असतानाच टाकायचा. घाटातल्या वळणांवर हा हिशेब लावू नका. तिथे ट्रकच्या मागे राहणं हाच उपाय आहे.

पुढचा दाता बदलून द्या म्हणणाऱ्यांसाठी

पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) १५ दात्यांचं काढून १४ चं टाकलं की मागच्या चाकावरची ओढ ७ टक्के वाढते. तेवढाच आरपीएमही वाढतो: पूर्वी ५००० ला जो वेग मिळायचा, त्याला आता ५३५० लागतील. ड्यूक रोज शहरातच चालवणाऱ्याला याचा फायदा होतो, हायवेवर फिरणाऱ्याला थरथर आणि पेट्रोलचा तोटा. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, म्हणून झिजतेही लवकर. वॉरंटीतल्या गाडीला आम्ही हे करत नाही. जुन्या चेनवर नुसतं पुढचं स्प्रॉकेट बदलणंही नाही. झिजलेली चेन नवे दाते काही हजार किलोमीटरमध्ये खाते.

‘पिकअप गेला’ असं वाटतं तेव्हा

बहुतेक वेळा इंजिन उघडावं लागत नाही. या क्रमाने बघा.

मागचं चाक मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर उचलून हाताने फिरवा. दीड-दोन फेरे मोकळे फिरायला हवेत. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय, कॅलिपरची पिन सुकली आहे, किंवा चेन फार ताठ आहे. चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरप्रमाणे ठेवा. प्रत्येक गाडीचा आकडा आणि मोजायची जागा वेगळी असते. ‘थोडी ताठच बरी’ हे चुकीचं आहे: मागे माणूस बसला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ येते.

टायरमधली हवा थंड टायरवर तपासा. १० किलोमीटर चालवून पंपावर बघितलेला आकडा जास्त येतो आणि माणूस उगाच हवा सोडतो.

आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, अशी तक्रार असेल तर क्लच घसरतोय. चौथ्या गिअरमध्ये ५० ने जाताना पूर्ण थ्रॉटल उघडा. इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडी तिथेच राहिली तर निदान झालं. क्लच प्लेट सांगण्याआधी लीव्हरचा मोकळा खेळ बघा: टोकाला थोडा तरी हवा, नाहीतर क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहतो. दुसरं कारण ऑइल. कारचं ऑइल या इंजिनात टाकू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए२ (ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलं हवं, ग्रेड तुमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०.

एअर फिल्टर सर्व्हिसच्या तारखेवर नाही, रस्त्यावर अवलंबून बदला. रोज खाणीच्या किंवा बांधकामाच्या रस्त्याने जाणाऱ्याचा फिल्टर पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यात भरतो. कागदी फिल्टर हवेच्या पाइपने झोडपून पुन्हा लावू नका, त्याला बारीक छिद्रं पडतात.

टेस्ट राइड अशी घ्या

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून गरम होऊ द्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला स्थिर व्हा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ६० येईपर्यंत मनात सेकंद मोजा. मग तेच चौथ्यात. दोन्हींत फरक कमी असेल तर गाडी गिअर बदलायला कमी सांगेल. जास्त असेल तर डाव्या पायाला काम राहील. कुठलं आवडतं ते तुमच्या हाताचा प्रश्न आहे. दोन गाड्या ताडून बघताना त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, लागोपाठ बघा. थोडा चढ आणि समोरचा वारा एवढ्यानेही अंदाज चुकतो. वेग मोबाइलच्या जीपीएसवरून मागच्या माणसाने बघावा, कारण गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो.

नंतर एकदा गर्दीतून १५-२० च्या वेगाने चालवून बघा. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच न वापरता गाडी किती हळू जाते, गुडघ्याला उष्णता लागते का, पाय जमिनीला टेकतात का. यासाठी दुपारी बारानंतर या, सकाळच्या गारव्यात तीच इंटरसेप्टर वेगळी वाटते.

लायसन्स, स्वतःचं हेल्मेट आणि नेहमी मागे बसणारी व्यक्ती, तिच्या हेल्मेटसह, सोबत आणा. डबलसीट फेरीचे वेगळे पैसे नाहीत.