माप घेताना पायावर खुणा कशाला?
गुडघ्याखालच्या कृत्रिम पायासाठी येणाऱ्या ग्राहकांना माहिती

प्लास्टरची पट्टी गुंडाळण्याआधी आम्ही तुमच्या स्टंपवर, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायावर, न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतो. त्या खुणा हाडांच्या असतात.

गुडघ्याखाली दोन हाडं. आतल्या बाजूचं जाड ते टिबिया, बाहेरचं बारीक ते फिब्युला. शरीराचा बहुतेक भार टिबियावरून जातो. फिब्युला तर गुडघ्याच्या सांध्यात नसतंच. त्यावर स्नायू बांधलेले असतात आणि त्याचं खालचं टोक म्हणजे घोट्याचा बाहेरचा उंचवटा. घोटाच राहिला नाही की त्या टोकाचं काम संपतं. शस्त्रक्रियेत फिब्युला सहसा टिबियापेक्षा थोडं आखूड कापतात.

नडगी म्हणजे टिबियाची पुढची कड. तिच्यावर मांस नाही, हाडावर थेट कातडी. पलंगाला नडगी आपटली की ब्रह्मांड आठवतं ते यामुळेच. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसवायचा पोकळ भाग, तिथे घासलं तर जखम व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी नाजूक जागा गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला बोटाला गाठीसारखी लागते. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून जातो. धडधाकट पायालाही तिथे घट्ट प्लास्टर बसलं तर पाऊल लुळं पडू शकतं.

पेन्सिलीच्या खुणा प्लास्टरच्या आतून उमटतात आणि तिथून साच्यावर, म्हणजे त्यात प्लास्टर ओतून केलेल्या स्टंपच्या प्रतिकृतीवर, येतात. नाजूक जागी आम्ही साच्यावर प्लास्टर चढवतो, म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी मोकळीक राहते. भार घेऊ शकणाऱ्या जागी साचा खरवडतो: मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध (टेंडन) आणि टिबियाच्या वरच्या रुंद भागाची आतली बाजू.

म्हणून कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर वाटीखाली थोडी लाली दिसली आणि लवकर ओसरली, तर काळजी नको. नडगीवर किंवा त्या गाठीवर लाली टिकून राहिली, झिणझिण्या आल्या, तर कृत्रिम पाय वापरणं थांबवून आमच्याकडे या. मधुमेह असलेल्यांना दुखणं जाणवेलच असं नाही. त्यांनी रोज रात्री आरशात स्टंप बघायलाच हवा.

संध्याकाळपर्यंत स्टंप थोडा बारीक होतो आणि सॉकेटमध्ये खाली घसरतो. तेव्हा स्टंपवर एक मोजा वाढवा. मात्र टोचणाऱ्या जागी कापूस किंवा फडकं कोंबू नका, त्याने तिथला दाब आणखी वाढतो. सॉकेट आतून घासून द्यायचं काम आमचं.