आचाऱ्यांचे आचार्य: मराठी शुद्धलेखन छापखान्यातून वेबसाइटवर येताना
परवा एका केटरिंगवाल्यांच्या वेबसाइटवर वाचलं, 'आमच्या आचार्यांना 20 वर्षांचा अनुभव'. म्हणायचं होतं आचाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि झाले गुरुजी. मला हे खरंच लागलं, कारण हा एवढासा ऱ्या मराठीची ओळख आहे.

मुळात मराठी कशी लिहायची यावर भांडणं जुनीच. आजोबांच्या काळातली पुस्तकं उघडा, 'घरांत', 'नाहीं', 'कां' असे न उच्चारलेले अनुस्वार जागोजागी दिसतात. 1962 साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम मान्य केले, 1972 ला त्यात 4 ची भर पडली आणि ते जादाचे अनुस्वार गेले, कवि चा कवी झाला (कविसंमेलनात मात्र ऱ्हस्वच), गावाच्या नावातला पूर दीर्घ ठरला. हे सगळं छापील मराठीसाठी, तिथे मजकूर प्रूफरीडरच्या हाताखालून जायचा, तो लाल पेनाने सोलापुर चं सोलापूर करायचा आणि वाचणाऱ्याला कधी कळायचंही नाही.

वेबवर तो माणूसच राहिला नाही. सुरुवातीला तर प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा, तो आपल्याकडे नसला की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, ती भारत सरकारच्या इस्की या तशाच भारतीय लिप्यांसाठीच्या पद्धतीवरून घेतलेली, पण लोकांच्या रोजच्या टायपिंगमध्ये यायला बरीच वर्षं गेली, आणि जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलताना जोडाक्षरं, रफार, वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या त्या बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या.

आता ऱ्या चंच बघा. तो दोन प्रकारे टाइप होतो, एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, नाहीतर साधा र आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे, म्हणून पानावर शब्द समोर दिसत असतो आणि सर्च म्हणतं सापडला नाही. ॲ चंही तेच झालं, तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला थेट 2008 मध्ये, तोवर सगळे अ वर चंद्र जोडून काम भागवायचे, त्यामुळे जुन्या पानांवरचा ॲडमिशन आणि आजचा ॲडमिशन हे आतून दोन वेगळे शब्द असू शकतात. 2009 च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, ल आणि श ची मराठी वळणंही त्यातच ठरली. छापखान्यात चूक झाली तर वाचणारा अडखळायचा फक्त, इथे तो त्या पानापर्यंत पोचतच नाही, आणि हा फरक साइट बनवणाऱ्यांना कोणी सांगतच नाही याचं वाईट वाटतं.

त्या केटरिंगवाल्यांना मी फोन केला, त्यांनी मनापासून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत आचाऱ्यांना करूनही टाकलं. मेनूच्या पानावर 'पुर्या' अजून आहेत, उद्या परत फोन करणार आहे.