चांपानेरच्या घरांत धन पुरलंय का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात पावागडचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच: चांपानेर एका रात्रीत ओस पडलं, लोक भरली घरं टाकून पळाले, आणि विद्यापीठाने खणलं ते गुप्तधनासाठी.

हे खरं नाही. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागडचा किल्ला घेतला आणि पायथ्याशी चांपानेरला राजधानी वसवली. १५३५ मध्ये ती हुमायूनने जिंकली. पुढे राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली, दरबारावर पोट असलेली माणसं पांगली, शहर हळूहळू ओसरलं.

आपल्या सयाजीराव विद्यापीठाचे आर. एन. मेहता यांनी १९७० च्या दशकात इथे उत्खनन केलं, ते शहर कसं नांदत होतं हे समजून घ्यायला. त्यात एका अमिराचा वाडा उजेडात आला. खोल्यांचे पाये, हौद, बागेतून खेळवलेले पाण्याचे पाट. मला तर हे पाटच खरं धन वाटतं. उन्हाळ्यात घर गार कसं ठेवत, ते तिथे उभं राहून कळतं.

धनाच्या आशेने कुणी खड्डा खणला की मातीचे थर एकमेकांत मिसळतात. मग कुठली जमीन आधीची आणि कुठली नंतरची, हे कुणालाच सांगता येत नाही.