नकाशा आणि टाइमलाइनसाठी माहिती पाठवताना: आधी तारखांचा रकाना बघा

गावाचा, शाळेचा किंवा घराण्याचा इतिहास आमच्याकडे नकाशावर आणि टाइमलाइनवर (घटनांच्या कालक्रमपट्टीवर) मांडायला देणाऱ्या बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "फोटो दिले, मजकूर दिला, मग काम अडलं कुठे?" काम बहुधा तारखांपाशी अडलेलं असतं.

होतं असं. एक्सेलमध्ये 'डेट' फॉरमॅट लावलेल्या रकान्यात नुसतं १९४२ टाकलं की तिथे २५ एप्रिल १९०५ उमटतं. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं, म्हणून त्याच्या लेखी तो १९४२ वा दिवस. १९०० च्या आधीची तारीख तर ते तारीख म्हणून धरतच नाही. १८१८ च्या नोंदी क्रम लावताना भलतीकडे जाऊन बसतात. मग एकेक तारीख तुमच्या कागदांशी पुन्हा ताडून बघावी लागते, आणि त्यात दिवस जातात.

म्हणून वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा, आकडे इंग्रजी अंकांत भरा. नंदुरबारला शिरीषकुमार हुतात्मा झाले ती नोंद अशी: 1942, 9, 9. "चोपन्न सालच्या उन्हाळ्यात विहीर खणली" एवढंच ठाऊक असेल तर वर्ष 1954 लिहा, बाकी दोन रकाने रिकामे सोडा, "उन्हाळ्यात" मजकुरात येऊ द्या. जागा भरायची म्हणून १ जानेवारी मात्र लिहू नका. वाचणारा ती तारीख खरी धरतो. जुन्या कागदावर शक वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. तिथी १ जानेवारीनंतरची, फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर ७९.

ठिकाण लिहिताना तालुका हवाच, खानदेशात पिंपळगावं कितीतरी आहेत. मोबाइलच्या नकाशावर जागेवर बोट दाबून धरा आणि येणारे दोन आकडे जसेच्या तसे पाठवा. आपल्याकडे पहिला २० ते २२, दुसरा ७३ ते ७६ च्या घरात येतो. उलटे लिहिले तर जळगाव नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जातं.

"आमचा जिल्हा रंगवून का दाखवला नाही?" असंही विचारतात. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन पूर्व खानदेशात भरलं, १९४२ चं नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. जुन्या घटनेखाली आजची हद्द काढणं चुकीचं, ते आम्ही करत नाही.

एका टाइमलाइनवर वीसपेक्षा जास्त घटना घेत नाही. मोबाइलवर त्यापुढे कुणी सरकवत नाही. जास्त असतील तर दोन भाग करू.

फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर जुन्या फोटोतले चेहरे पुसट होतात.

सगळं भरण्याआधी पहिल्या पाच नोंदी पाठवा, त्या तपासून देण्याचे पैसे नाहीत. तक्ता जमत नसेल तर वह्या, दाखले, जुने फोटो घेऊन या. समोर बसून भरून देऊ, त्याचा दर वेगळा, आणि कागद त्याच दिवशी परत.