चुकल्यासारखं आणि चुकल्याचुकल्यासारखं

पहाटे पाचला यवतमाळकडच्या आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. पोलीस भरतीची पोरं मोबाइलवर टायमिंग लावून १६०० मीटर धावतात. ती का धावतात हे कुणाला विचारावं लागत नाही. घोळ होतो तो फिरायला येणाऱ्या काका-काकूंचा.

"एक दिवस नाही आले त कसं वाटते?"

"कसंतरीच वाटते ना बाप्पा," दोघंही म्हणतात.

व्यायामामागची प्रेरणा मोजायची एक प्रश्नावली आहे, ब्रेक-२ (BREQ-2). मार्कलंड आणि टोबिन यांनी २००४ मध्ये मांडलेली. १९ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. माणूस किती चालतो हे ती विचारतच नाही. दिवसभर कापूस वेचणारी बाई त्यात शून्यावरही येऊ शकते. ती फक्त 'का' विचारते.

त्यातली दोन विधानं मराठीत आणताना जीभ अडखळते. व्यायाम बुडाला की अपराधी वाटतं, हे एक. नियमित केला नाही तर अस्वस्थ वाटतं, हे दुसरं. आपल्या बोलीत पहिलं 'चुकल्यासारखं', दुसरं 'चुकल्याचुकल्यासारखं'. एका शब्दाची पुनरुक्ती, पण हिशेब उलटा. पहिलं विधान स्वतःच स्वतःवर टाकलेल्या दबावाच्या गटात मोडतं. प्रेरणा कितपत स्वतःची आहे हे सांगणारा एकूण निर्देशांक काढताना त्या गटाची सरासरी उणे एकने गुणतात. दुसरं पटलेल्या कारणात जातं आणि तिथे अधिक दोनने. 'कसंतरीच' ऐकून चुकीच्या रकान्यात खूण केली, की माणूसच बदलला!

फरक पडतो तोही पुढे. पटून करणाऱ्याचा व्यायाम टिकण्याकडे कल असतो, असं अभ्यासांत बहुधा दिसतं. अपराधीपणाचं कधी असं, कधी तसं.

मी तरी 'कसंतरीच' ऐकून थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारतो: कशाचं वाईट वाटते? काकू म्हणाल्या, "पोरानं पुण्याहून बूट पाठोले. नाही घातले त त्याले काय सांगू?" काका म्हणाले, "आंग जड वाटते, दिवस सुरूच नाही होत."

मग झड लागली, चार दिवस. पाचव्या दिवशी काकू भेटल्या, चेहरा मोकळा. "पान्यानंच नाही येऊ देलं, आता मी काय करू!" काकांच्या घरी गेलो तर ते सपरीत, ताडपत्री बाजूला सारून, या खांबापासून त्या खांबापर्यंत चकरा मारत होते.