गोव्याचा आरोग्यप्रमुख: खुर्ची जुनी, काम दुसऱ्यांच्या खात्यात

साथ आली की टीव्हीवर रोज दिसणारा डॉक्टर म्हणजे आरोग्य संचालक, एरवी त्याचं नाव विचारलं तर अर्ध्या पणजीला सांगता येणार नाही. पण गोव्यात हे पद खूप जुनं आहे. पोर्तुगीज काळात राज्याचा मुख्य वैद्य फिजिको-मोर म्हणून नेमायचे आणि त्याला कामही भरपूर होतं, कारण हिवताप आणि बाकीच्या साथींनी जुनं गोवं ओस पडत गेलं, शेवटी १७५९ मध्ये व्हाइसरॉयच पणजीला राहायला आला. १८४२ मध्ये पणजीत डॉक्टर घडवणारी शाळा निघाली, बांबोळीची आपली जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिचीच वारस.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते डॉ. फ्रॉयलानो द मेल्लो. बाणावलीचे, जन्म १८८७ चा. माणूस मूळचा लॅबमधला, परजीवी आणि जंतूंचा अभ्यासक, त्याच शाळेत शिकवलं, पुढे तिचे प्रमुख झाले, आरोग्य खातं सांभाळलं, माकाझनला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला, क्षयरोगावर काम केलं. आणि १९३८ पासून काही वर्षं ते पणजीचे नगराध्यक्षही होते! ही गोष्ट लोक नुसती मानाची म्हणून सांगतात, पण जरा विचार करा, डास कुठे होतात हे ज्याला कळतं त्याच्याच हातात शहराच्या विहिरी आणि गटारं. नंतरच्या कुठल्या संचालकाला हे मिळालं?

१९८० च्या दशकात पणजीत मलेरिया परत उसळला. बांधकामं जोरात, साइटवर पाणी साचलेलं, टाक्या उघड्या, शहरी मलेरियाचा डास नेमका अशाच पाण्यात वाढतो. मग बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि हेल्थ कार्ड, टाक्यांत अळ्या खाणारे मासे, हे सगळं आलं. पण साइट कॉन्ट्रॅक्टरची, परवाना पालिकेचा, डॉक्टर फक्त सांगणार.

उलट माणसावर मात्र अधिकार जबरदस्त होता. १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्याला वेगळं ठेवायची तरतूद घातली आणि १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला रक्त पॉझिटिव्ह निघालं म्हणून पोलिसांनी नेलं, टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस ठेवलं. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? रक्तच तर दिलं होतं. प्रकरण हायकोर्टात गेलं, सक्ती पुढे सैल झाली, पण हे वाचलं की अजून वाईट वाटतं. आरोग्यप्रमुखाच्या अधिकाराची चर्चा निघाली की हा प्रसंग आठवायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

कोविडमध्येही काम दुसऱ्यांच्याच खात्यात. २५ मार्च २०२० ला पहिले तीन पेशंट सापडले, आकडा सातवर गेला, एप्रिलमध्ये ते सातही बरे होऊन राज्य कोविडमुक्त म्हणून जाहीर झालं, आणि जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर दाटीच्या वस्तीत साथ पसरली. सीमा पोलिसांकडे, बंदर केंद्राकडे, हॉस्पिटल डीनकडे.

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आहे, म्हणजे माकडं ज्याने मरतात आणि गोचिडीतून माणसालाही होतो तो ताप. काजूच्या दिवसांत लोक रानात जातात आणि गोचीड चावते. मेलेलं माकड आधी दिसतं गावकऱ्याला नाहीतर वनखात्याच्या गार्डला, पेशंट मात्र येतो वाळपईच्या आरोग्य केंद्रात, म्हणजे ती खबर डॉक्टरकडे पेशंटच्या आधी पोचायला हवी, आणि त्यासाठी संचालकाला काजू पिकायच्या आधीच वनखात्याशी बोलून ठेवावं लागतं.