शिक्षा भोगून झाली, तरी गजाआड : ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयीन स्थानबद्धतेची पार्श्वभूमी

‘एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही बातमी मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीची. (एमपीडीए म्हणजे धोकादायक व्यक्तींना खटल्याविना अटकावून ठेवण्याचा महाराष्ट्राचा कायदा.) त्या आदेशावर सही असते पोलीस आयुक्तांची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची. १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, सात आठवड्यांत सल्लागार मंडळाचा अहवाल येतो आणि १२ महिन्यांच्या वर कोणाला ठेवता येत नाही. कोर्ट मध्ये येतं ते कोणी आव्हान दिलं तरच. ऑस्ट्रेलियात मात्र सरकार फक्त अर्ज करतं, आदेश देतो न्यायाधीश. आणि तोही शिक्षा पुरी भोगून झालेल्या माणसाविरुद्ध. (तिथे नावं आपल्या उलट आहेत : सुप्रीम कोर्ट राज्याचं, हायकोर्ट सगळ्यांच्या वर.)

सुरुवात झाली ती एकेका माणसासाठी केलेल्या कायद्यांनी. व्हिक्टोरिया राज्यात खुनाच्या प्रयत्नाचा एक कैदी १९९० मध्ये सुटणार होता. सुटल्यावर लोकांना मारेन, अशा धमक्या तो देत असे. त्याचा व्यक्तिमत्त्व-विकार हा मानसिक आजार धरायचा की नाही यावर मनोविकारतज्ज्ञांचं एकमत होईना, त्यामुळे मनोरुग्णालयाचा रस्ता बंद. विधिमंडळाने मग फक्त त्याच्यासाठी कायदा केला. १९९३ मध्ये तो कोठडीतच वारला.

न्यू साउथ वेल्स राज्याने १९९४ मध्ये हाच कित्ता गिरवला. पत्नीच्या हत्येबद्दल सदोष मनुष्यवधाची शिक्षा भोगणारा केबल नावाचा कैदी तुरुंगातून धमकीची पत्रं पाठवत होता. मूळ विधेयक सगळ्यांना लागू होणारं होतं. सभागृहात ते आकसत आकसत त्याच्या एकट्याच्या नावावर आलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सहा महिन्यांचा आदेश निघाला. १२ सप्टेंबर १९९६ रोजी हायकोर्टाने ४ विरुद्ध २ मतांनी कायदा रद्द केला. ‘माणसाला असं डांबता येत नाही’ हे मात्र त्याचं कारण नव्हतं. राज्यांच्या न्यायालयांकडे संघराज्याचेही (म्हणजे केंद्राचेही) न्यायाधिकार असतात; त्यांना सरकारच्या ठरलेल्या निर्णयावर शिक्का मारायला लावलं, तर न्यायालयाच्या स्वातंत्र्यावरचा लोकांचा विश्वास जातो, असा तो युक्तिवाद. म्हणजे वाचवलं ते मुख्यतः कोर्टाला; कैद्याचा लाभ ओघाने झाला.

क्वीन्सलंड राज्याच्या मसुदाकारांनी हा निकाल बारकाईने वाचला असावा. २००३ च्या त्यांच्या कायद्यात कोणाचं नाव नाही, लैंगिक गुन्ह्यांच्या कैद्यांचा एक वर्ग आहे. पुराव्याचा भार सरकारवर, दोन मनोविकारतज्ज्ञांचे अहवाल, दरवर्षी फेरविचार. २००४ मध्ये हायकोर्टाने तो ६ विरुद्ध १ ने उचलून धरला. एकटे न्यायमूर्ती कर्बी विरोधात गेले. पुढच्या कायद्यांना नमुना मिळाला तो इथे.

न्यू साउथ वेल्सचा २००६ चा कायदाही आधी लैंगिक गुन्हेगारांपुरताच होता. २०१३ मध्ये त्यात हिंसक गुन्हेगार आले. मृत्यू किंवा जबर दुखापत घडवणारं कृत्य, तेही हेतुपुरस्सर किंवा बेपर्वाईने, ही त्याची कसोटी. शिक्षेचे शेवटचे नऊ महिने उरले की सरकार अर्ज करू शकतं. प्राथमिक सुनावणीत अर्जात दम दिसला तर कोर्ट दोन स्वतंत्र तज्ज्ञ नेमतं. तोवर शिक्षा संपली, तर २८-२८ दिवसांचे, एकूण तीन महिन्यांपर्यंतचे अंतरिम आदेश. शेवटी दोन पर्याय : पाच वर्षांपर्यंत बाहेर कडक देखरेख, नाहीतर पाच वर्षांपर्यंत स्थानबद्धता. मुदत संपत आली की नवा अर्ज करता येतो. देखरेखीची अट मोडली तर तोच नवा गुन्हा, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद. पायातलं जीपीएस कडं चार्ज करायला विसरणंही त्यामुळे महागात पडू शकतं.

खरी मेख कसोटीच्या शब्दांत आहे. ‘अस्वीकार्य धोका’ असल्याची उच्च प्रतीची खात्री कोर्टाला हवी. पण गुन्हा घडण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे, हे ठरवायची गरज नाही. आकडेमोड करून पाहा. समजा १,००० कैद्यांतले १०० पुन्हा गंभीर हिंसा करणार आहेत आणि धोका ओळखणारी चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती १०० पैकी ८० जणांना बरोबर पकडेल, पण उरलेल्या ९०० मधल्या १८० जणांनाही धोकादायक ठरवेल. घटना जितकी विरळ, तितकी ही चूक फुगते, आणि आत ठेवलेल्या माणसाबाबत ती कधी उघडही होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१० मध्ये क्वीन्सलंडच्या प्रकरणात बोट ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीवर : तोच तुरुंग, तीच कोठडी, फक्त कागदावर ‘शिक्षा’ नाही. नव्या दोषसिद्धीशिवाय ही नवी कैदच आहे, असं तिने म्हटलं. तिची मतं ऑस्ट्रेलियन कोर्टांना बंधनकारक नाहीत.

२०१६ मध्ये संघराज्याने हाच साचा दहशतवादाच्या कैद्यांसाठी घेतला, मुदत तीन वर्षांपर्यंत. २०२१ मध्ये हायकोर्टाने तो वैध ठरवला. पण धोका मोजायला जे साधन वापरलं जात होतं, त्याच्या भाकितांवरच शंका घेणारा, सरकारनेच करवून घेतलेला २०२० चा अहवाल बचाव पक्षाला वेळेवर दिलाच गेला नव्हता. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्यांच्या स्वतंत्र निरीक्षकांनी ही स्थानबद्धताच रद्द करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने परदेशी नागरिकांची बेमुदत इमिग्रेशन कोठडी बेकायदा ठरवली, आणि डिसेंबरमध्ये संसदेने हाच साचा उचलून, त्या निकालाने सुटलेल्यांपैकी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी कायदा मंजूर केला.